आंधळ्या हरणाची बाटली

या, टेका जरा. घाईत असाल तर आत्ताच सांगा, कारण ही गोष्ट अर्ध्यावर सोडून उठलात तर दिवसभर डोक्यात भुणभुण राहील आणि मग शिव्या मला घालाल. गोष्ट एका बाटलीची आहे. मातीची, भाजलेली, तपकिरी बाटली. खांद्यावर गोल ठसा, ठशात हरणाचं डोकं. बस, एवढंच. पण त्या एवढ्याशा ठशापायी एका बाईच्या घराण्याची अब्रू भर दुपारी टांगणीला लागली होती. आणि ज्याने ती टांगली होती, त्यालाच ती चार वाजायच्या आत खाली उतरवायची होती. ऐका तर.

आधी पाण्याचं सांगतो. गावाबाहेर एक झरा आहे. त्या पाण्यात लोखंड आहे. प्यायलं की खिळा चोखल्यासारखं लागतं. आज ते कुणी फुकट दिलं तरी घेणार नाही. पण शंभर वर्षांपूर्वी त्याला काय मान होता म्हणता. डॉक्टर लिहून द्यायचे. अशक्त माणूस दिसला की द्या झऱ्याचं पाणी. झऱ्यावर कारखाना होता. तिथे मातीच्या बाटल्यांत पाणी भरायचे, बूच ठोकायचे, वर गरम राळ ओतायचे, की चालली बाटली गावोगाव.

आता चांगली वस्तू म्हटली की नक्कल आलीच. कुणीतरी तशाच बाटल्या भाजल्या, तसंच हरीण उठवलं, आणि आत भरलं विहिरीचं पाणी. कोणी केलं ते कधी कळलं नाही. पण एका उन्हाळ्यात ते विहिरीचं पाणी पिऊन नऊ माणसं गेली. नऊ माणसं गेली म्हटल्यावर गावाला कुणाची तरी मान धरायला लागतेच. गावाने धरली पाणीवाल्याची. हा बिचारा ढकलगाडीवरून घरोघरी बाटल्या पोचवायचा. पुरावा नव्हता, म्हणून सुटला. सुटून उपयोग काय? नाव चिकटलं ते चिकटलंच.

त्या पाणीवाल्याची पणती अजून त्याच घरात राहते. पुढच्या खोलीत सोड्याचं दुकान चालवते, म्हणून सगळे तिला सोडावालीच म्हणतात. पन्नाशीची आहे, तोंडाने फटकळ, हाताने मोकळी. तिच्याकडे लिंबाचा सोडा मिळेल, लाल मिळेल, पिवळा मिळेल. साधं पाणी मिळणार नाही. मागे एकदा ठेवून बघितलं होतं. पहिल्याच गिऱ्हाइकाने डोळा मारून विचारलं, "कुठल्या विहिरीचं?" तिने खोकं उचललं आणि आत टाकलं. तीन पिढ्या हीच थट्टा ऐकतायत, आणि थट्टा करणाऱ्याला दर वेळी वाटतं की आपल्यालाच सुचली.

तिच्या दुकानासमोर, रस्त्याच्या पलीकडे, तो जुना कारखाना. आता कारखाना नाही, संग्रहालय झालंय. आणि तिथे आहे आपला कडीमास्तर.

शिकलाय चौथीपर्यंत, तीही ओढूनताणून, तरी मास्तर. तरुणपणी कारखान्यात काचेच्या बाटल्या धुवायचा, मातीच्या कधीच बंद झाल्या होत्या. कारखाना बंद पडला तेव्हा याला कोठार साफ करायला ठेवलं. तिथे सगळ्यात वरच्या फळीवर त्याला एक मातीची बाटली सापडली. एकुलती एक. गळ्याला दोरी, दोरीला लाखेचा लाल गोळा. सगळे म्हणाले, बघा, मालकांनी इतकी जपून ठेवली म्हणजे अस्सलच असणार. ती काचेच्या कपाटात बसली. आणि मास्तरने डोकं चालवलं. पितळी पट्टीची एक कडी केली, त्या बाटलीच्या ठशाभोवती अशी बरोब्बर बसणारी, की मधे केस जाणार नाही.

झालं. तेव्हापासून बावीस वर्षं, कुणीही जुनी बाटली घेऊन यायचं, मास्तर खिशातून कडी काढायचा. बसली तर अस्सल. ठसा मोठा निघाला, कडी वरच अडकली, तर नकली. तो म्हणायचा, "चोर आहे, तो ठसा मोठाच मारणार. लांबून दिसायला नको?" लोकांना पटायचं. आणि दुसरी खूण डोळ्याची. कपाटातल्या बाटलीवरच्या हरणाला डोळा नाही. कान आहेत, शिंगं आहेत, डोळ्याच्या जागी सपाट. नकली बाटल्यांवर मात्र बारीक टिंबासारखा डोळा. मास्तर म्हणायचा, "चोराला हौस फार. मूळ हरणाला नाही, तर यानं डोळा काढून दिला." ऐकणारे हसायचे. दहा बाटल्या आल्या तर सहा-सात नकली निघायच्या. लोक म्हणायचे, त्या काळी साव होता तरी कोण?

आंधळं हरीण मग संग्रहालयाचं चिन्हच झालं. तिकिटावर तेच, दारावर तेच. लांबलांबचे शौकीन आपल्या बाटल्या टॉवेलात गुंडाळून आणायचे आणि मास्तरच्या तोंडाकडे बघत बसायचे. तो हो म्हणाला की माणूस फुलायचा, नाही म्हणाला की पडल्या तोंडाने जायचा. ज्या माणसाला फळ्यासमोर कायम अंगठे धरून उभं केलं, त्याला हे सुख केवढं असेल, बघा.

आता गेल्या वर्षीचं. सोडावालीच्या अंगणात नळासाठी खणत होते. कमरेएवढं खणलं आणि पहार दगडावर वाजली. खाली फरशी, फरशीखाली माल गार ठेवायचा कोनाडा, आणि कोनाड्यात अडतीस बाटल्या. बुचं तशीच, राळ तशीच, हलवली की आत पाणी वाजतं. दुसरं कुणी असतं तर माती ओढून गप्प बसलं असतं. ही बाई स्वतः रस्ता ओलांडून संग्रहालयात गेली. म्हणाली, "आमच्या पणजोबांचा माल सापडलाय. या, बघा काय आहे तो. एकदाचा निकाल लागू दे."

मास्तर आला. चिखलातच एक बाटली पुसली, अंगठ्याने ठसा चोळला, कडी लावली. कडी वर अडकली. डोळा दिसला. तो उठला, हात झटकले आणि म्हणाला, "नकली."

एका शब्दात निकाल लागला, पण उलटा.

संग्रहालयाच्या मॅडम नव्या होत्या. वाईट बाई नव्हे, पण कामाचा झपाटा असा की समोरच्याला धाप लागावी. त्यांनी पंधरा दिवसांत एक खोली उभी केली, नकली पाण्याची. मधे त्या अडतीस बाटल्या, आणि भिंतीवर पितळी पाटी. पाटीवर काय, तर ज्या पाण्याने नऊ जण गेले ते भरणारा सापडला, आणि पुढे पाणीवाल्याचं नाव, आडनावासकट. चार वाजता पाहुणे येणार, पाटीवरचं कापड ओढणार.

त्या दिवशी सकाळी मास्तर मागच्या खोलीत बाटल्या ओळीने लावत होता. दारात सोडावाली येऊन उभी राहिली.

"दादा, एकदा माझ्यासमोर बघा."

"बघितली की तेव्हा."

"चिखलात बघितली होती. आता धुतल्यात."

"धुतल्यानं चोर साव होतो होय?"

"नाही होत. पण तोंड तरी दिसतं त्याचं."

मास्तर कुरकुरला, पण त्याने कडी काढली. एका बाटलीला लावली, दुसरीला लावली, तिसरीला लावली. प्रत्येक वेळी कडी ठशाच्या वर टेकून राहिली, आत जाईना. "हे बघ. आता माझ्या बोटांना काय लाच दिलीय कुणी?"

"आणि डोळा?"

"आहे. सगळ्यांना आहे."

ती म्हणाली, "बरं. मग दुकानाचं दार आज चारलाच ओढून घेते. समोर पाटी लागतेय आणि मी इकडे सोडा फोडतेय, ते नाही जमायचं. परत कधी उघडीन ते मात्र विचारू नका. आजवर लोक नुसतं म्हणत होते हो दादा. म्हणणाऱ्याला उलटून बोलता यायचं. पितळेला काय बोलणार?"

ती गेली. मास्तर बाटली हातात घेऊन तसाच उभा. त्याचा अंगठा ठशावर होता, सवयीनं. आणि अंगठ्याला काहीतरी टोचलं. त्याने बाटली खिडकीपाशी नेली. हरणाच्या कानात केस होते. बारीक बारीक, मोजून घ्यावेत असे. नाकपुडीला खळगा. अक्षरांच्या कडा नखाला लागतील इतक्या धारदार. बावीस वर्षांत नकली बाटली इतकी निरखून त्याने कधी पाहिलीच नव्हती. कडी अडकली की संपलं, बाटली परत.

त्याच्या मनात आलं, हे काम चोराचं? चोरून करायचं, भीत भीत करायचं, आणि हरणाच्या कानात केस कोरत बसायचं?

बाहेर सुतार पाटीसाठी भिंत मोजत होता. त्याने आत डोकावून विचारलं, "मास्तर, भोकं पाडू ना? नाही, आधीच सांगा. पाडल्यावर नको म्हणालात तर ती भोकं मी घरी नेऊ का?"

"जेवून ये तू," मास्तर म्हणाला. "मीही येतो."

मास्तरचं घर दहा मिनिटांवर. त्याची बायको कुंड्या करते. मागच्या बाजूला चाक आहे, भट्टी आहे, आणि तिच्या हाताला चार कोसांत तोड नाही. पण मास्तरच्या लेखी ती कुंड्या करायची आणि तो प्राचीन वस्तू बघायचा. दोघांच्या कामाची कधी गाठ पडली नव्हती. आज तो आला तो जेवायला न बसता थेट चाकापाशी जाऊन उभा राहिला.

"अगं, एक विचारू?"

"पानावर बसल्यावर विचारा. हात मातीत आहेत."

"मातीचंच विचारायचंय."

तिने चाक थांबवलं. लग्नाला पस्तीस वर्षं झाली होती, मातीचं या माणसाने कधी काही विचारलं नव्हतं.

"तू कुंडीवर पानाचा ठसा मारतेस ना? समज, मला त्याची नक्कल करायचीय. काय करीन मी?"

"तुम्हाला नाही जमायचं."

"अगं समज म्हटलं ना."

"मग माझी कुंडी आणाल, तिच्या ठशावर ओल्या मातीचा गोळा दाबाल. उलटा साचा निघेल. तो भाजाल, आणि तुमच्या कुंडीवर माराल. त्यात काय? माझा लाकडी ठसा हरवला होता तेव्हा मीच केलं की तसं. त्या वर्षीच्या कुंड्या बघा, त्या कोपऱ्यात. पान कसं लहान आलंय."

मास्तर पुढे झाला. "लहान का?"

"अहो, माती आहे ती. भट्टीत आकसते. आधी साचा आकसला, मग कुंडी आकसली. दोनदा मार बसला. आणि शिरा बघा पानाच्या, बुजल्या सगळ्या. नकलेत बारीक काम टिकत नाही."

मास्तर कोपऱ्यात गेला. एक जुनी कुंडी, एक त्या वर्षीची. शेजारी शेजारी ठेवल्या. पहिलीवर पान, शिरांसकट, देठासकट. दुसरीवर तेच पान, पण लहान आणि गुळगुळीत. आंधळं.

"उलटं कधी होत नाही? म्हणजे, नक्कल मोठी?"

"भट्टीतून मोठी होऊन कुंडी बाहेर आली तर मला हाक मारा," ती म्हणाली. "लहान भाजून मोठी म्हणून विकीन. सोन्याच्या बांगड्या होतील." मग तिने त्याच्या चेहऱ्याकडे बघितलं. "काय झालं हो?"

त्याने सांगितलं. कडी, डोळा, कपाटातली बाटली, पाटी. ती ऐकत राहिली, मधे एकदाच म्हणाली, "बावीस वर्षं कडी खिशात घालून या मातीतनं ये-जा केलीत." मग हात धुवायला उठली.

"पाटी किती वाजता?"

"चारला."

"मग इथे काय करताय? जा. ताट झाकून ठेवते."

मास्तर निघाला. रस्ताभर त्याचं डोकं एकच गोष्ट दळत होतं. ती बाटली मालकांनी जपून का ठेवली? दोरी कशाला? लाखेचा गोळा कशाला? आणि चालता चालता त्याला ते असं लख्ख दिसलं की तो रस्त्यात थांबला. मागून येणाऱ्या सायकलवाल्याने घंटी वाजवून शिवी दिली. अस्सल बाटल्या कारखाना घरात ठेवील कशाला? त्या भरून विकल्या. हजारांनी विकल्या. ठेवली ती पकडलेली. चोरीचा माल म्हणून दोरी बांधली, लाख लावली, वर फळीवर टाकली. त्याने बावीस वर्षं चोराला खुर्चीवर बसवून सावांची झडती घेतली होती.

तो पोचला तेव्हा तीन वाजून गेले होते. सुतार नुकताच आला होता. शेजारच्या खोलीत भिंतीतलं पहिलं भोक पाडायचा घरघराट चालू होता. मास्तरने खिशातून किल्ली काढली, काचेचं कपाट उघडलं, बाटली बाहेर घेतली. दालनात दुसरं कुणी नव्हतं. अडतीसपैकी एक त्याने शेजारी ठेवली आणि दोन्ही ठशांवर एकेक दोरा धरला. पणजोबांच्या बाटलीचं हरीण करंगळीच्या नखाएवढ्या फरकाने मोठं होतं. शंका घ्यायला जागाच नव्हती.

आता खरं सांगायचं तर मास्तर काही देव नाही. बाटली त्याच्या हातात होती आणि खाली दगडी फरशी. हात घामेजले होते. निसटली असती तर कुणी काही म्हणालं नसतं. मॅडम हळहळल्या असत्या, सुतार म्हणाला असता, म्हातारपण आलं मास्तर. आणि मग ताडून बघायला काही उरलंच नसतं. फक्त कडी उरली असती, आणि कडीचा शब्द. त्याचं नाव जिथल्या तिथे. त्या बाईचं नाव पितळेत.

दुसरं भोक सुरू झालं.

त्याने बाटलीचा गळा दोन बोटांत धरला होता. मग एकाच बोटात आला. किती वेळ तो तसा उभा होता, ते त्यालाही सांगता येत नाही. मग त्याने दुसरा हात खालून लावला, लहान मुलाला धरतात तसा, आणि ओरडला, "अरे ए, थांब. भोकं थांबव."

मॅडम धावत आल्या. हातात पुठ्ठ्याचं खोकं, त्यात पाहुण्यांना द्यायचे कप, प्रत्येकावर आंधळं हरीण. "काय झालं मास्तर? कपाट का उघडलंत?"

"समोरच्या बाईला बोलवा. तिच्यासमोरच बोलायचंय. सुतारा, पळ."

सोडावाली आली ती हात पुसत. दार अर्धं ओढून आली होती. मास्तरने दोन्ही बाटल्या टेबलावर ठेवल्या आणि सांगितलं. लांबण लावली नाही. ही कपाटातली नकली. या अडतीस अस्सल. मी उलटं सांगत आलो.

मॅडमनी खोकं खाली ठेवलं. "मास्तर, पंधरा दिवसांपूर्वी तुम्हीच नकली म्हणालात. पाहुणे वाटेत असतील. आज अस्सल म्हणताय. उद्या काय म्हणाल? मी कुठल्या मास्तरवर विश्वास ठेवू?"

बोलणं रास्त होतं. मास्तरने मातीचं सांगितलं, भट्टीचं सांगितलं, पानाचं सांगितलं. मॅडम ऐकत होत्या, पण मान हलत नव्हती. "आणि समजा बाटल्या अस्सल," त्या म्हणाल्या, "रिकाम्या झाल्यावर त्यात विहिरीचं भरलं नसेल कशावरून?"

सोडावाली म्हणाली, "उघडा मग एक. आमचीच आहे ना? उघडा."

मॅडम घड्याळाकडे बघत म्हणाल्या, "शंभर वर्षांचं बूच आहे ते."

"आणि शंभर वर्षांचं बोलणं आहे ते," सोडावाली म्हणाली. "उघडा म्हटलं."

सुताराने पटाशी दिली. मास्तर राळ खरवडायला लागला. राळ काचेसारखी तडकत होती. बूच अर्धं निघालं, अर्ध्याचा भुगा झाला. सगळे इतके जवळ आले होते की एकमेकांचा श्वास लागत होता. पांढरं घमेलं ठेवलं आणि मास्तरने बाटली कलती केली.

पाणी आलं. स्वच्छ. नितळ. अगदी विहिरीच्या पाण्यासारखं.

सोडावालीने डोळे मिटले. मॅडमनी हळूच मान फिरवली. सुतार पायाकडे बघायला लागला. मास्तरने बाटली ओतता ओतता अर्ध्यावर थांबवली. त्या नितळ पाण्यात त्याला आपलं तोंड दिसत होतं, आणि ते तोंड त्याला बघवेना.

"थांबलात का?" सोडावाली म्हणाली. डोळे मिटलेलेच. "सगळं ओता. अर्धवट काही नको."

त्याने बाटली पार उलटी केली. गळ्यातून गुडगुड आवाज आला आणि तळाचं आलं. लालभडक. गंजाचा गाळ, चिखलासारखा दाट, घमेल्यात पसरला आणि बघता बघता सगळं पाणी विटेच्या रंगाचं झालं. लोखंड शंभर वर्षं तळाशी बसून होतं. वास असा, की जुन्या खिळ्यांचा डबा उघडावा.

मास्तरने एका तारेला पांढरी चिंधी गुंडाळली, ओली केली आणि कपाटातल्या बाटलीत घालून तळ खरवडला. चिंधी बाहेर आली. तिच्यावर पांढरा चुना होता, विहिरीचं जड पाणी वाळलं की बसतो तसा. लाल एक ठिपका नाही.

मॅडमनी घमेल्याकडे बघितलं, चिंधीकडे बघितलं. "सुतार," त्या म्हणाल्या, "पाटी गाडीत ठेवा. तोंड खाली करून."

आता तुम्हाला वाटेल, बाई रडली, मास्तरच्या पाया पडली, झालं गेलं विसरून गेले. तसं काही झालं नाही. तिने घमेलं एकदा नीट बघून घेतलं. मग मास्तरकडे वळली.

"दादा, सतरा वर्षांपूर्वी एक बाई तुमच्याकडे आली होती. बुटकी, चष्म्याला दोरा बांधलेली. पिशवीत बाटली होती."

मास्तर आठवायला लागला.

"माझी आई. पणजोबांची एकच बाटली घरात उरली होती. ती घेऊन आली होती, तुम्ही अस्सल म्हणाल म्हणून. तुम्ही कडी लावलीत. म्हणालात, बाई, नकली आहे, घरात ठेवू नका. ती घरी आली आणि पाट्यावर आपटून फोडली. तुकडे कुठे टाकले तेही सांगितलं नाही. मरेपर्यंत आजोबांचं नाव तोंडातून काढलं नाही तिनं. आठवतंय?"

मास्तरला खोटं बोलता आलं असतं. सोपं होतं. तो म्हणाला, "नाही आठवत."

"नाहीच आठवणार. तुमची रोजचीच." ती शांतपणे बोलत होती, आणि ते ओरडण्यापेक्षा वाईट होतं. "चार वाजता लोक येतायत ना? मग तुम्हीच सांगा त्यांना. मॅडम नाही, कागद नाही. तुमच्या तोंडानं. मी समोर बसते."

चार वाजता पंचवीस-तीस माणसं जमली. पाटीच्या जागी भिंतीत दोन भोकं. मास्तर उभा राहिला. आयुष्यात एवढ्या लोकांसमोर तो गप्पा मारत उभा राहिला होता, पण असा नाही. तो म्हणाला, "पाणीवाला साव होता. त्याच्या अंगणातला माल झऱ्याचा होता, त्यानं तोच विकला. नकली बाटली अंगणात नाही, आमच्या कपाटात होती. मी तिला बावीस वर्षं अस्सल म्हटलं. कुणी फसवलं नाही मला. मी विचारलं नाही, म्हणून चुकलो." आणि बसला. एका शौकीन माणसाने मागून विचारलं, "म्हणजे माझ्या घरी आहेत त्या दोन?" मास्तर म्हणाला, "कडी बसली होती का?" तो म्हणाला, "बसली होती की, छान." मास्तर म्हणाला, "मग वाईट झालं."

सोडावाली शेवटच्या रांगेत होती. कार्यक्रम संपल्यावर ती मास्तरशी एक शब्द बोलली नाही. रस्ता ओलांडला आणि अर्धं ओढलेलं दार पुरतं उघडलं. दुकान आठ वाजेपर्यंत चालू होतं. मास्तरशी ती आता बोलते, पण तोलून मापून. दादा म्हणते, ते मात्र सोडलं नाही.

कडी त्याने फेकून दिली नाही. म्हणतो, कडी चांगलीच आहे, कामाची आहे. फक्त आता जिला बसते ती नकली. मॅडमनी कपांवरच्या हरणाला डोळा रंगवून घ्यायचं ठरवलं, पण रंगाऱ्याने त्याला असा टपोरा डोळा काढला की हरीण कायम दचकल्यासारखं दिसतं.

पण मास्तरचा खरा घोर वेगळाच आहे. त्याने बावीस वर्षांत किती जणांना नकली म्हणून माघारी पाठवलं, त्याचा हिशेब कुठेच नाही. लिहून ठेवायची सवय नाही, आणि आठवत तर त्याला त्या बाईचीही बाटली नाही. दोनशे असतील, तीनशे असतील. कुणी फोडली असेल, कुणी माळ्यावर टाकली असेल, कुणी बागेत उलटी रोवली असेल. त्यातली एकेक तो शोधतोय. दारोदार जातो, सायकलवर, गुडघे दुखतात तरी. बायको मागे बसते, कारण आता ठसा आधी ती बघते. पण दोन माणसं किती दारं पुरी करणार?

म्हणून तुम्हाला एकच सांगणं आहे. घरी गेलात की माळा बघा, अडगळ बघा, शेजारच्या म्हातारीला विचारा. तपकिरी बाटली मिळाली तर ठसा पुसून उजेडात धरा. हरणाला डोळा असेल तर ती घेऊन या, आणि ज्यानं ती आणून कधीतरी मान खाली घातली होती त्याचं नाव पण घेऊन या. फुटली असेल तरी चालेल. ठशाचा तुकडा आणा. आणि एक बुटकी बाई, चष्म्याला दोरा बांधलेली, तुमच्याकडच्या कुठल्या उकिरड्यावर सतरा-अठरा वर्षांपूर्वी काही तुकडे टाकून गेली होती का, तेवढं जरा कुणाला तरी विचारून बघाल का?